फिरायला निघालात? मग पाण्याची बाटली पारखून घ्या



तापी नदी जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांच्या भूमीवरून वाहत सुरतेला येते. त्याच वाटेने, भुसावळ-सुरत लोहमार्गाने, खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज गल्लोगल्ली मराठी कानी पडते. गावी असताना शेतावर जाण्यायेण्यातच दोन-तीन कोस चालणे होत असे. येथे कोणी यंत्रमागापुढे उभा, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसलेला, तर कोणी दिवसभर दुकानात. चालणे सुटले आणि त्याची जागा मधुमेह व रक्तदाब यांनी घेतली. मग डॉक्टर सांगतात, “रोज तासभर फिरत जा.” सल्ला उत्तम आहे आणि पुष्कळ जण तो पाळूही लागले आहेत.

फिरायला जाणाऱ्यांच्या हातात बहुधा पाण्याची बाटली असते. ती कोठून आली असे विचारले तर उत्तर ठरलेले: “लग्नात मिळाली होती, चांगली होती म्हणून ठेवली.” विकतच्या पाण्याची तीच पातळ बाटली महिनोन् महिने भरली जाते. कोणी मुलांच्या शाळेची जुनी बाटली नेतो, कोणी जाहिरात पाहून महागडी घेतो. पाणी काय, कशातूनही पिता येते, असे आपल्याला वाटते. परंतु चुकीच्या बाटलीमुळे पोट बिघडते, पैसा जातो, आणि उन्हाच्या दिवसांत पाणी अपुरे पडले तर जिवावरही बेतते. म्हणून बाटली कशी निवडावी, याचा विचार या वेळी करू.

जुनी माणसे काय नेत असत?

वाटेवर पाणी बरोबर नेण्याची कला आपल्याला नवी नाही. प्रवासाला फिरकीचा तांब्या असे. पितळेचा, आटे पाडलेल्या झाकणाचा, थेंबही न सांडणारा. शेतकरी वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा नेई. बैलगाडीला, पुढे मालमोटारींनाही, छागल टांगलेली असे. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. तिच्यातून पाणी किंचित झिरपते, वारा लागला की बाहेरचा ओलावा वाळतो, आणि वाळताना तो आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. बर्फ नाही, वीज नाही, तरी पाणी गार. माठाचेही तत्त्व हेच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. खानदेशात एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ही छागल जेवढे गार पाणी देते, तेवढे सुरतेत मे महिन्यात देत नाही. सुरत समुद्राजवळ आहे. खंबातच्या आखाताकडून येणारा वारा ओलसर असतो. हवेतच पाणी भरलेले असेल तर पिशवीवरचा ओलावा वाळणार कसा? बाटलीला ओले फडके गुंडाळण्याची युक्तीही याच कारणाने येथे अर्धीच लागू पडते.

जो नियम छागलीला, तोच आपल्या अंगाला

आपले शरीरही एक छागलच आहे. घाम बाहेर येतो, वाळतो आणि अंग थंड करतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी शरीरातून जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणून जळगावात ४२ अंशांची सवय असलेला मनुष्य सुरतेच्या ३६ अंशांत हैराण होतो. थर्मामीटरचा आकडा लहान दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

हा विषय किती गंभीर आहे हे दोन घटनांवरून कळेल. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. २१ मे रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात आढळले की त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले होते. त्यातून धडा घेऊन २०१३ साली तेथे उष्णतेपासून बचावाची नगरयोजना तयार झाली. दुसरी घटना आपल्या महाराष्ट्रातली. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तेथे आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. फिरणे, पदयात्रा, शेतकाम, मैदानावरची सभा, कोठेही जा, पाणी हाताशी हवे.

किती मापाची बाटली?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ते तुम्हालाच वाहायचे आहे. म्हणून गरजेपुरतेच माप घ्यावे.

पहाटे अर्धा तास फिरणाऱ्या धडधाकट माणसाला बाटलीची गरजच नाही. निघताना पेलाभर पाणी प्यावे, आल्यावर पुन्हा प्यावे, एवढे पुरे. तासभर भराभर चालणाऱ्याने अर्ध्या लिटरची बाटली न्यावी. दोन-तीन तास चालणे, सायकल, शेतकाम किंवा कारखान्यातील पाळी असेल तर एक लिटरची बाटली घ्यावी आणि ती पुन्हा कोठे भरता येईल हे आधीच पाहून ठेवावे. गुजरातेत जागोजागी ‘परब’ म्हणजे पाणपोई असते, तिचा उपयोग होतो.

आपला घाम किती जातो हे घरच्या घरी मोजता येते. फिरायला जाण्यापूर्वी वजन करा, आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. अर्धा किलो वजन घटले तर अर्धा लिटर पाणी गेले. मध्ये जेवढे पाणी प्यालात तेवढे त्यात मिळवा. हा झाला तुमचा स्वतःचा हिशेब.

उन्हात कष्टाचे काम असेल तर तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. पण अतिरेकही नको. ताशी सव्वा-दीड लिटरच्या पुढे पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते आणि चक्कर, वांती, क्वचित झटकेही येतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच लघवी अधिक होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपले पाण्याचे माप डॉक्टरांनाच विचारावे.

बाटली कशाची असावी?

१. विकतच्या पाण्याची पातळ बाटली. तिच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. हे पेट नावाचे प्लॅस्टिक. ते एकदा वापरण्यासाठी बनवलेले असते. त्यात गरम पाणी ओतले की बाटली वेडीवाकडी होते. उन्हात तापलेल्या मोटारीत ती पडून राहिली तर प्लॅस्टिकमधील अँटिमनीसारखी द्रव्ये पाण्यात अधिक उतरतात. तोंड अरुंद असल्याने आत ब्रश जात नाही, म्हणजे ती कधी नीट धुतलीच जात नाही. अडीअडचणीला ठीक, रोजच्या वापराला नको. आणि रोज नवी घ्यायची म्हटली तर २० रुपयांप्रमाणे वर्षाला ७,३०० रुपये होतात!

२. जाड प्लॅस्टिकची बाटली. त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर ती त्यातल्या त्यात बरी. हलकी असते, पडली तरी फुटत नाही, लहान मुलांना व वृद्धांना सोयीची. ७ या आकड्यात अनेक प्रकार येतात. त्यातील पॉलिकार्बोनेट या कडक, काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए हे द्रव्य असते. शरीरातील ग्रंथींच्या कामात ते ढवळाढवळ करते, म्हणून युरोपात २०११ साली तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला बंदी झाली. नवी बाटली घेताना झाकण उघडून वास घ्या. उग्र वास येत असेल तर ठेवून द्या. आत ओरखडे पडले, रंग पिवळा पडला, की ती बदलावी. ओरखड्यांत जंतू घर करतात.

३. ॲल्युमिनियमची बाटली. वजनाला फार हलकी. पण लिंबू, चिंच, कोकम, ताक अशा आंबट पदार्थांनी हा धातू झिजतो. म्हणून आतून अस्तर दिलेले असते. ते खरवडले गेले की बाटली कामातून गेली असे समजावे.

४. तांब्याची बाटली. तांब्यात पाणी ठेवण्याची आपली चाल निरर्थक नाही. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर पटकी, विषमज्वर व हगवणीचे जंतू मेलेले आढळले. पण त्याला १६ तास लागले हे विसरू नये. सकाळी भरून अर्ध्या तासाने पिण्यात तो लाभ नाही. तसेच तांब्यात लिंबूपाणी, ताक, सरबत कदापि घालू नये. तांबे त्यात उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. तांब्याची बाटली घरात, उशाशी बरी. व्यायामाला जिच्यात कधी सरबत भरावे लागेल, अशी बाटली तांब्याची नसावी.

५. स्टेनलेस स्टीलची एकेरी बाटली. बहुतेकांना हीच सोयीची. वास धरत नाही, आंबट चालते, आपटली तर पोचा येतो पण फुटत नाही, आणि वर्षानुवर्षे टिकते. मात्र पाणी लवकर तापते. शिवाय गार पाणी भरले तर सुरतेच्या दमट हवेत तिला बाहेरून घाम सुटतो व पिशवी ओली होते.

६. दुहेरी भिंतीची, म्हणजे थर्मासच्या जातीची बाटली. दोन भिंतींमधील हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे उष्णता आतबाहेर फारशी जात नाही. ही युक्ती जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली काढली. छागलीला कोरडा वारा लागतो, हिला वाऱ्याशी देणेघेणे नाही. त्यामुळे दमट हवेतही पाणी तासन् तास गार राहते. उन्हात दीर्घ वेळ काम करणाऱ्याला ही खरी उपयोगी. परंतु ती जड असते, महाग असते, आणि तेवढ्याच आकारात पाणी कमी मावते. पहाटे तासभर फिरणाऱ्याने तिच्यासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही.

दुकानात काय तपासावे?

पहिली गोष्ट, तोंड. बाटलीत ब्रश सहज फिरला पाहिजे आणि तळ डोळ्यांना दिसला पाहिजे. सगळ्या कसोट्यांत ही कसोटी मोठी. जी बाटली आतून घासता येत नाही, ती कितीही चांगल्या धातूची असली तरी घेऊ नये. नळी, चोखणी, बटणे असलेली झाकणे दिसायला छान असतात, पण त्यांच्या खाचाखोचांत बुळबुळीत थर साचतो. झाकण जितके साधे तितके चांगले.

दुसरी गोष्ट, पोलादाची जात. बाटलीवर ३०४ किंवा १८/८ असे कोरलेले असावे. याचा अर्थ सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. २०२ जातीत निकेल कमी व मँगॅनीज अधिक असते. ती स्वस्त पडते, पण खारट-आंबटाला कमी टिकते. पुष्कळ जण लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे हे खरे. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ते ३०४ आहेच, असे मात्र नाही, कारण २०२ लाही तो चिकटत नाही. म्हणून छाप पाहावा.

तिसरी गोष्ट, मानकाचे चिन्ह. केंद्र सरकारने २०२३ साली तांबे, स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. या बाटल्यांच्या मानकाचा क्रमांक आयएस १७८०३ असा आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालून खराखोटा पाहता येतो.

चौथी गोष्ट, गळती. दुकानदाराकडून पाणी भरून घ्या, झाकण लावा, बाटली उलटी करून हलवा. थेंब आला तर दुसरी मागा. रबरी वायसर काढून धुता येतो का, आणि तो झिजल्यावर सुटा मिळतो का, हेही विचारा.

थर्मासच्या जातीची बाटली घेतल्यास घरी उकळते पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागले तर आतील पोकळी निकामी आहे असे समजून बाटली लगेच परत करावी.

धुण्याचा नेम

आपण बाटलीला तोंड लावतो, लाळ आत जाते. रात्रभर उरलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून रोज रात्री उरलेले पाणी झाडांना घालावे, बाटली साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावी, झाकण व वायसर सुटे करून धुवावे, आणि सर्व उघडे ठेवून उलटे वाळवावे. झाकण लावून ओली बाटली ठेवणे ही सर्वांत वाईट सवय.

आठवड्यातून एकदा चमचाभर खाण्याचा सोडा व कोमट पाणी घालून तासभर ठेवावे. वास जातो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या बाटलीत पांढरा थर बसतो. त्याला स्टीलच्या बाटलीत थोडे व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवावे व चांगले खळबळून टाकावे. स्टीलला ब्लीचिंग पावडर लावू नये, बारीक खड्डे पडतात. घरात प्रत्येकाची बाटली वेगळी असावी.

बाटलीत भरावे काय?

तासभराच्या फिरण्याला साधे, स्वच्छ पाणी पुरे. जाहिरातीतील रंगीत पेयांची गरज नाही, मधुमेह्यांनी तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. खूप घाम गेला, किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर ओआरएसचे पुडके घ्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. माप चुकवू नये आणि हे पाणी एका दिवसात संपवावे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. एवढे सामर्थ्य या साध्या मिश्रणात आहे.

शेतकरी बांधवांना विशेष सूचना. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये. तसेच पाण्याच्या बाटलीत कीटकनाशक, रॉकेल, फिनेल किंवा ॲसिड कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, आत काय आहे ते पाहत नाही. फवारणीच्या दिवशी पाण्याची बाटली फवारणीच्या जागेपासून दूर, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तिला हात लावू नये.

बाटली असली तरी सावध राहा

पाणी जवळ आहे म्हणून भर दुपारी चालणे शहाणपणाचे नाही. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर फिरावे. चालताना डोके दुखू लागले, मळमळले, पायात गोळे आले, तर थांबून सावलीत बसावे व घोट घोट पाणी प्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजून ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करावा. तोवर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, काखेत व मानेला ओली फडकी लावावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

सारांश असा. सकाळच्या फिरण्याला अर्ध्या लिटरची, रुंद तोंडाची, ३०४ जातीच्या स्टीलची साधी बाटली. शेताला व पाळीला एक लिटरची, आणि परवडत असेल तर दुहेरी भिंतीची. मुलांना २ किंवा ५ आकड्याची जाड प्लॅस्टिकची. लग्नातून आलेली पातळ बाटली भंगारात द्यावी. आणि उद्या सकाळी फिरायला निघण्यापूर्वी, सध्या वापरात आहे त्या बाटलीचे झाकण उघडून, उजेडात धरून, आत एकदा डोकावून पाहावे. ती बदलायची की घासायची, हे तेव्हाच कळेल.